वाचकांचे प्रश्न : फोन वाजला नाही, म्हणून

महासाथीच्या काळातील कौटुंबिक हिंसा आणि त्या काळात मदत यंत्रणांनी काय केले, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. उत्तरांमध्ये हिंसा सोसणारी व्यक्ती बहुतेक ठिकाणी स्त्री म्हणून येते, कारण पत्रे तशीच आहेत. वृद्ध आईवडील, मुले, अपंग व्यक्ती आणि काही पुरुषही या हिंसेला तोंड देतात, याचा विसर पडलेला नाही.

प्रश्न : आमच्या अभ्यासगटात यावरून वाद झाला. कोविडच्या काळात घरगुती हिंसा वाढली असे सगळीकडे म्हटले गेले. परंतु टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत काही ठिकाणी हेल्पलाइनवरचे फोन आणि पोलिसांकडील तक्रारी कमी झाल्याचेही वाचनात आले. यातले खरे काय मानायचे?

उत्तर : दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हेल्पलाइनवर येणाऱ्या फोनवरून घरात किती हिंसा झाली हे कळत नाही. हिंसा सोसणाऱ्या व्यक्तीला एकांताची दहा मिनिटे मिळाली का, एवढेच फार तर कळते. मारणारा माणूस एरवी कामावर जातो, बाहेर पडतो, आणि तेवढ्या फटीतून फोन केला जातो. टाळेबंदीने ती फटच बुजवली. तेव्हा फोन कमी झाले याचा अर्थ घरात शांतता आली असा लावणे म्हणजे दार बाहेरून बंद करून आत कोणी हाका मारत नाही असे म्हणण्यासारखे आहे.

इटलीचे उदाहरण घ्या. तेथे १५२२ या क्रमांकाची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मार्च २०२०च्या आरंभी देशभर निर्बंध लागू झाले तेव्हा तिच्यावरचे फोन आधी घटले. मग ही सेवा चालू आहे, लेखी संदेशानेही संपर्क साधता येतो, हे दूरचित्रवाणीवरून आणि समाजमाध्यमांतून वारंवार सांगितले गेले, आणि फोन वाढू लागले. तेथील राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या नोंदीनुसार १ मार्च ते १६ एप्रिल या काळात आलेले फोन आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा ७३ टक्क्यांनी अधिक होते. यातली किती वाढ हिंसेची आणि किती प्रसिद्धीची, हे केवळ या आकड्यावरून वेगळे करता येत नाही. म्हणून घटलेला आकडा जसा सावधपणे वाचायचा, तसाच वाढलेलाही.

एरवीही तक्रारीपर्यंत पोहोचणारी हिंसा हा एकूण हिंसेचा लहानसा भाग असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जोडीदाराबरोबर राहिलेल्या १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के स्त्रियांना आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागली आहे. हा अंदाज २००० ते २०१८ या काळातील पाहण्यांवर आधारलेला आहे, म्हणजे महासाथीच्या आधीचा आहे. ज्या देशांची माहिती उपलब्ध आहे त्यांपैकी बहुतेक देशांत हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून कमी स्त्रिया कोणाकडे तरी मदत मागतात, आणि मागणाऱ्यांतही पोलिसांकडे जाणाऱ्या १० टक्क्यांहून कमी असतात. बाकीच्या बहीण, मैत्रीण, शेजारीण यांच्याशी बोलतात, किंवा कोणाशीच बोलत नाहीत. टाळेबंदीने नेमकी ही बहीण आणि मैत्रीण दूर केली, आणि तो तोटा कोणत्याही नोंदवहीत दिसला नाही.

आपल्या गटात बहुधा ३ कोटी १० लाख हा आकडाही निघाला असेल. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने एप्रिल २०२० मध्ये, सहा महिने निर्बंध राहिल्यास जगभरात हिंसेच्या एवढ्या अधिक घटना घडू शकतील, असा अंदाज वर्तवला होता. निर्बंधांच्या काळात हिंसा अमुक प्रमाणात वाढेल असे गृहीत धरून केलेले ते गणित होते. पुढे अनेक लेखांत तोच आकडा झालेल्या घटनांची मोजणी असल्यासारखा छापला गेला. विषय गंभीर असला की आकड्याची चौकशी करणे लोकांना अप्रशस्त वाटते, पण अशाने विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळते.

माझ्या मते प्रश्न आकड्यांइतकाच पूर्वतयारीचाही आहे. २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली, शाळा बंद पडल्या, लोकांच्या हालचालींवर बंधने आली, आणि मुली व स्त्रियांवरील अत्याचारांत भर पडल्याचे तेथे काम करणाऱ्यांनी नोंदवून ठेवले होते. तरीही मार्च २०२० मध्ये बहुतेक देशांनी अत्यावश्यक सेवांच्या पहिल्या याद्या केल्या तेव्हा त्यांत समुपदेशक आणि निवारागृहे यांची आठवण फार थोड्यांना झाली. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँटोनिओ गुटेरेस यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घराघरांतील हिंसा थांबवण्याचे आवाहन केले, तोवर अनेक ठिकाणी निर्बंध लागून काही आठवडे झाले होते.

प्रश्न : मी एका हेल्पलाइनवर समुपदेशक म्हणून काम करते. टाळेबंदीत आम्ही घरूनच फोन घेत होतो. पलीकडची स्त्री बोलता बोलता एकदम गप्प होई, किंवा भलत्याच विषयावर बोलू लागे, आणि फोन बंद होई. नंतर फोन करावा की करू नये, या विचाराने रात्रभर झोप लागत नसे. पुन्हा अशी वेळ आली तर आम्ही काय वेगळे करावे?

उत्तर : आपण वर्णन केलेला क्षण हाच या कामाचा सर्वांत अवघड भाग होता, आणि त्याची तयारी फोनच्या पहिल्या मिनिटातच करावी लागते. नाव, पत्ता, हकीकत यांच्या आधी दोन प्रश्न विचारावेत. पहिला, ‘आत्ता बोलणे सुरक्षित आहे का?’ दुसरा, ‘फोन मध्येच तुटला तर मी परत करू का?’ दुसरा प्रश्न शेवटी विचारण्याची सवय असते, कारण बोलणे नीट संपेल असे आपण धरून चालतो. तो आधी विचारला असेल तर फोन तुटल्यावर काय करायचे याचा निर्णय तिने दिलेला असतो. ‘करू नका’ असे ती म्हणाली असेल, तर जीव कितीही तगमगला तरी करू नये. आवाजी निरोप तर कधीच ठेवू नये.

तो त्याच खोलीत असेल तर सगळे प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर उत्तर देता येईल असे करावेत. तो जवळ आहे का, मुले घरात आहेत का, लागले आहे का, घरात शस्त्र आहे का, आत्ता पोलीस हवेत का, पाच मिनिटांनी तुम्हीच फोन करू शकाल का, असा क्रम आधीच लिहून समोर ठेवला तर घाईच्या वेळी शब्द शोधावे लागत नाहीत. ब्रिटनमध्ये आपत्कालीन क्रमांकाला मोबाइलवरून फोन करून बोलता येत नसेल, तर सूचना ऐकून ५५ हे आकडे दाबण्याची सोय महासाथीच्या आधीपासून आहे. टाळेबंदीत तिचा बराच प्रचार झाला, पण ५५ दाबल्याने पोलिसांना आपोआप ठिकाण कळते असा गैरसमजही त्याबरोबर पसरला. तसे होत नाही. फोन पोलिसांकडे जोडला जातो आणि पुढेही त्यांना काही ना काही खूण द्यावी लागते. कोणत्याही सोयीची मर्यादा तिच्या जाहिरातीइतक्याच ठळकपणे सांगितली पाहिजे, कारण मदत निघाली आहे असे समजून थांबणारी स्त्री त्यात आणखी अडकते.

‘कोणाचा फोन होता?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, हेही तिलाच ठरवू द्यावे. त्या घरात कोणती थाप खपते हे तिच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. काही जणांनी त्या काळात आरोग्य सर्वेक्षणाचा फोन असल्याची बतावणी सुचवली होती. मला ती पटत नाही. साथीत आरोग्य खात्याच्या खऱ्या फोनवर लोकांनी विश्वास ठेवणे अतिशय गरजेचे असते. शिवाय खरा फोन आला की तिच्यावरच संशय येतो. चुकून लागलेला फोन, वर्गमैत्रिणीचा फोन, अशी साधी कारणे अधिक टिकतात.

लेखी संदेशांची सोय त्या काळात वाढली, हे चांगले झाले. फ्रान्समध्ये कर्णबधिरांसाठी असलेला ११४ हा संदेश-क्रमांक एप्रिल २०२०च्या आरंभी हिंसाग्रस्तांसाठीही खुला झाला. भारतात राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिल २०२० रोजी व्हॉट्सॲप क्रमांक सुरू केला. पण संदेश कोण लिहीत आहे हे आपल्याला दिसत नाही. म्हणून प्रत्येक वेळी सुरुवातीला तिने ठरलेला एखादा शब्द लिहावा, आणि तो आला नाही तर आपण संस्थेचे नाव येणार नाही असे किरकोळ उत्तर देऊन थांबावे. संदेश पुसताना तेवढेच पुसावेत. संपूर्ण रिकामा केलेला फोन हाच संशयाला पुरेसा असतो. संकेतस्थळावर झटकन बाहेर पडण्याचे बटण असते, त्याने पडद्यावरचे पान बदलते, मागची नोंद जात नाही, हेही तिला सांगावे लागते.

आता धोक्याच्या अंदाजाविषयी. अमेरिकेतील परिचारिका आणि संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८०च्या दशकात तयार केलेली प्रश्नावली आजही अनेक ठिकाणी आधाराला घेतली जाते. तिच्यामागचा विचार असा की जिवावर बेतण्याची शक्यता काही ठरावीक खुणांवरून ओळखता येते. पूर्वी कधी गळा दाबला आहे का, मारून टाकण्याची धमकी दिली आहे का, घरात शस्त्र आहे का, मारहाणीची तीव्रता अलीकडे वाढली आहे का, त्याची नोकरी गेली आहे का, ती वेगळी होण्याच्या विचारात आहे हे त्याला कळले आहे का. महासाथीत यांतल्या नोकरीच्या खुणेसारख्या काही एकाच वेळी असंख्य घरांत अवतरल्या. गळा दाबल्याचा प्रसंग एकदाच घडला आणि अंगावर खूण नाही, असे ती म्हणाली तरी तो सर्वांत गंभीर मानावा. आणि घर सोडण्याचा आग्रह आपण धरू नये. वेगळे होण्याच्या आसपासचा काळ सर्वांत धोक्याचा असतो.

साथीने नियंत्रणाचे काही नवे प्रकारही दिले. मास्क आणि साबण लपवून ठेवणे, ‘बाहेर गेलीस तर परत घरात घेणार नाही’ असे बजावणे, नियमांविषयी खोटी माहिती सांगून घरात डांबणे, आजारी पडल्यास डॉक्टरकडे नेणार नाही अशी धमकी देणे, किंवा तिलाच संसर्ग झाला आहे असे इतरांना सांगून एकटे पाडणे, हे सर्व हेल्पलाइनवर काम करणाऱ्यांनी २०२० मध्ये ऐकले. ‘तो काळजीपोटी करतो’ असे तिला स्वतःलाच वाटत असे. मारहाण झाली का, एवढेच विचारणाऱ्या समुपदेशकाच्या हातून हे सगळे निसटते.

शेवटी आपल्या झोपेविषयी. आपल्या कानाला हेडफोन असतो तेव्हा तिचे बोलणे झाकले जाते, आपले नाही. आपली मुले, आपले सासूसासरे आपले प्रश्न ऐकत असतात. कार्यालयात असताना एक फोन संपला की शेजारच्या टेबलावरील सहकारी नजरेनेच काही विचारते, आपण पाणी पितो, मग पुढचा फोन घेतो. घरी ते सगळे गेले आणि दुसऱ्यांच्या घरातील हिंसा आपल्या झोपायच्या खोलीत आली. संस्थांनी कामासाठी वेगळा फोन, ठरलेल्या वेळा आणि अवघड फोननंतर लगेच बोलता येईल असा एक वरिष्ठ सहकारी एवढे दिलेच पाहिजे. हे मागण्यात आपला कोणताही दुबळेपणा नाही.

प्रश्न : भिंतीपलीकडच्या घरातून टाळेबंदीत रोज आरडाओरडा आणि रडण्याचा आवाज येई. मी काहीच केले नाही, कारण पोलिसांना बोलावले आणि ते समज देऊन निघून गेले तर नंतर तिचे काय होईल, अशी भीती वाटली. मी काय करायला हवे होते?

उत्तर : आपली भीती निराधार नव्हती. पोलीस येऊन गेल्यावर ती त्याच घरात, त्याच माणसाबरोबर, बंद दाराआड राहणार होती. म्हणून जिवाला तातडीचा धोका वाटत असेल, म्हणजे मदतीची हाक, वस्तू आपटल्याचे आवाज, मुलांचा आक्रोश, तर पोलिसांना बोलवावेच. आणि एरवी, शक्य असेल तर, आधी तिला विचारावे. तिला म्हणजे तिला एकटीला. त्याच्यादेखत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘सगळे ठीक आहे’ असेच येते, आणि त्याच्यामार्फत पाठवलेल्या निरोपाची किंमत तिला मोजावी लागते.

आवाज वाढला असताना दार ठोठावून पाणी येते आहे का, वीज गेली आहे का, असे काहीतरी विचारणे हा साधा उपाय कधी कधी तो क्षण मोडायला पुरतो. मात्र आपल्याला सुरक्षित वाटत असेल तरच, आणि त्याला जाब विचारण्याच्या आविर्भावात नव्हे. तिच्याशी एकांतात बोलता आले तर काय झाले यापेक्षा तिला काय हवे आहे हे विचारावे. एखादी जास्तीची चावी, कागदपत्रांच्या प्रती, थोडे पैसे आपल्याकडे ठेवता येतील, एवढे सांगितले तरी तिच्या हाती काहीतरी येते. एखादी खूण ठरवता येते, उदाहरणार्थ खिडकीत अमुक वस्तू दिसली की पोलिसांना बोलवायचे. आपण ऐकलेल्या आवाजांच्या तारखा आणि वेळा लिहून ठेवाव्यात. पुढे ती न्यायालयात गेली तर उपयोग होतो. इतर शेजाऱ्यांना यातले काहीही सांगू नये. चर्चा भिंतीतून परत जाते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत होती. अनेक ठिकाणी हिंसेपासून सुटण्यासाठी घराबाहेर पडायला टाळेबंदीत मुभा होती. इंग्लंडच्या मार्च २०२०च्या नियमांत इजेच्या धोक्यापासून सुटका हे घर सोडण्याचे योग्य कारण म्हणून लिहिलेलेच होते. पण ‘घरीच राहा, सुरक्षित राहा’ हे वाक्य दिवसातून शंभर वेळा ऐकणाऱ्या स्त्रीपर्यंत तो अपवाद कोणी पोहोचवायचा? शेजारी ते करू शकत होता.

प्रश्न : मी एका निवारागृहाच्या विश्वस्त मंडळावर आहे. संसर्गाच्या भीतीने आम्ही काही महिने नवे प्रवेश बंद ठेवले होते. आत राहणाऱ्या स्त्रिया आणि मुले यांची जबाबदारी आमच्यावर होती. तो निर्णय चुकीचा होता असे आता काही सहकारी म्हणतात. आपले मत काय?

उत्तर : आतल्यांना जपण्याचा हेतू योग्य होता. एकच स्वयंपाकघर, सामाईक स्नानगृहे, एका खोलीत तीन कुटुंबे, अशी बहुतेक निवारागृहांची रचना असते, आणि तिथे एकाला लागण झाली की सगळे आजारी पडू शकतात. तरीही प्रवेश बंद करून पर्यायी जागा न देणे ही चूक होती, असे मला स्पष्टपणे म्हणावे लागेल. काही संस्थांनी प्रवेश चालू ठेवून चाचणीचा अहवाल मागितला. तो ऐकायला रास्त वाटतो. परंतु अहवाल येईपर्यंतचे दिवस तिने कोठे काढायचे, हे त्या अटीत सांगितलेले नव्हते. ज्या घरातून ती पळाली त्याच घरात परत जाऊन?

याचे उत्तर मधल्या जागेत होते. प्रवास थांबल्यामुळे हॉटेले रिकामी पडली होती. फ्रान्सच्या सरकारने मार्च २०२०च्या अखेरीस हिंसाग्रस्तांसाठी हॉटेलांतील २० हजार रात्रींच्या मुक्कामाचा खर्च उचलण्याचे जाहीर केले. ही कल्पना चांगली होती, पण हॉटेलची खोली म्हणजे निवारागृह नव्हे. तिथे रात्री दोन वाजता बोलायला कार्यकर्ती नसते, मुलांना खेळायला जागा नसते, आणि मारणाऱ्याचे फोन मात्र सारखे येत राहतात. अशा खोलीत एकटी पडलेली स्त्री काही दिवसांत घरी परतली तर तिला दोष देता येणार नाही. खोलीबरोबर रोजचा ठरलेला संपर्क आणि पुढे निवारागृहात येण्याची निश्चित तारीख द्यावी लागते.

मला मात्र याच्या अलीकडचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. घर सोडायचे ते तिनेच का? ऑस्ट्रियात १९९७ पासून पोलीस हिंसा करणाऱ्याला घराबाहेर काढू शकतात आणि काही काळ परत येण्यास मनाई करू शकतात. पुढे युरोपातील अनेक देशांनी हे सूत्र घेतले. मार्च २०२० मध्ये इटलीतील त्रेंतोच्या सरकारी अभियोक्त्याने, टाळेबंदीतही घर सोडायचे ते हिंसा करणाऱ्याने, अशी भूमिका घेतली. भारताच्या कौटुंबिक हिंसाचाराविषयीच्या २००५च्या कायद्यातही न्यायदंडाधिकारी पुरुषाला सामाईक घरातून बाहेर राहण्याचा आदेश देऊ शकतात. साथीत त्याला बाहेर काढले तर तो जाणार कोठे, अशी हरकत घेतली जाते. एकट्या पुरुषाची हॉटेलच्या खोलीत सोय करणे हे स्त्री, दोन मुले, त्यांची शाळा आणि तिची नोकरी असे सगळे बिऱ्हाड हलवण्यापेक्षा सोपे असते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

न्यायालयांविषयीही थोडे सांगायला हवे. कामकाज बंद असताना मुदत संपणारे संरक्षण आदेश आपोआप वाढवणे आणि अर्ज ईमेलने घेणे, एवढे तरी पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी झाले पाहिजे. दूरदृश्य प्रणालीने सुनावणी घेणे सोयीचे खरे, पण ती त्याच घरात राहत असेल तर पलीकडच्या खोलीत तो ऐकत असतो. तिला जवळच्या कार्यालयात किंवा दवाखान्यात बसून सुनावणीला हजर राहता आले पाहिजे.

प्रश्न : तळहात दाखवून अंगठा मुडपायचा आणि मूठ मिटायची, अशा खुणेची चित्रफीत सगळीकडे फिरली. औषधाच्या दुकानात सांकेतिक शब्द उच्चारायचा, असेही वाचले. याचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : हाताची खूण कॅनेडियन विमेन्स फाउंडेशन या संस्थेने एप्रिल २०२० मध्ये, दृश्य संभाषण करताना काही न बोलता मदत मागता यावी म्हणून प्रचारात आणली. सांकेतिक शब्दाची सुरुवात त्याच वसंतात स्पेनच्या कॅनरी बेटांवर झाली. ‘मास्क १९’ मागितला की औषध विक्रेत्याने काय ते ओळखून यंत्रणेला कळवायचे. ब्रिटनने जानेवारी २०२१ मध्ये ‘ॲनी’ची विचारणा करण्याची योजना आणली. भारतात जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२० रोजी स्वतःहून दखल घेऊन किराणा आणि औषधांची दुकाने अशा कामासाठी सुरक्षित ठिकाणे म्हणून वापरावीत असे सुचवले. या सर्वांमागची कल्पना मला मोलाची वाटते, कारण ज्या ठिकाणी जायला तिला परवानगी असते त्याच ठिकाणी मदत जाऊन उभी राहते.

कसोटी मात्र गल्ल्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसाची असते. त्याने तिला कोणत्या खोलीत न्यायचे, कोणाला फोन करायचा, मारणारा दारात उभा असेल तर काय म्हणायचे, आणि ती पोलिसांना नको म्हणाली तर काय करायचे, हे ठरलेले नसेल तर तिचा शब्द सगळ्यांदेखत ‘काय म्हणालात?’ असा परत येतो. हाताची खूण ओळखणाऱ्यानेही लगेच पोलीस बोलवायचे असे नाही. संपर्कात राहा, सुरक्षितपणे विचारपूस करा, असा तिचा अर्थ आहे. शिवाय जी चित्रफीत आपण पाहिली ती मारणाऱ्यानेही पाहिलेली असते.

प्रश्न : (नाव प्रसिद्ध करू नये.) टाळेबंदीत माझी नोकरी गेली. त्या ताणात पत्नीवर तीनचार वेळा हात उचलला गेला. त्याआधी असे कधी घडले नव्हते आणि आता परिस्थिती सुधारली आहे. तरी ती माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाही. हे ताणामुळे झाले, हे तिला कसे समजावून सांगावे?

उत्तर : समजावून सांगू नये. आपण लिहिले आहे की हात ‘उचलला गेला’. तो आपण उचलला. नोकरी त्या काळात कोट्यवधी लोकांची गेली, ताणही सर्वांना होता, आणि आपल्यालाही कामावरून कमी करणाऱ्या वरिष्ठावर हात टाकावासा वाटला असेल तरी आपण तो टाकला नाही. ताणाने राग येतो; तो कोणावर काढायचा याची निवड आपण केली, आणि ज्या व्यक्तीला घराबाहेर पडता येत नव्हते तिची केली. हे कठोर वाटेल, परंतु यापेक्षा सौम्य उत्तर देऊन आपले काही भले होणार नाही.

पत्र लिहिले याचा अर्थ काहीतरी बोचते आहे. त्याचे काम आपल्यालाच करावे लागेल, पत्नीला नव्हे. हिंसा करणाऱ्यांसाठी स्वतंत्र समुपदेशन असते. फ्रान्समध्ये तर एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदी चालू असतानाच, हात उगारण्याच्या बेतात असलेल्यांसाठी वेगळी दूरध्वनी सेवा सुरू करण्यात आली. आपल्या जवळ अशी सोय नसेल तर एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडे एकट्याने जावे आणि पहिल्याच भेटीत ‘मी पत्नीला मारले’ असे या शब्दांत सांगावे. जोडप्याचे एकत्र समुपदेशन आत्ता मागू नये, कारण आपण शेजारी बसलेले असताना ती खरे बोलू शकणार नाही, आणि बोलली तर घरी गेल्यावर काय होईल याची भीती तिला राहील. ती मोकळेपणाने बोलत नाही, यालाही कारण आहे. ती अजून आपल्या आवाजाची पट्टी जोखत असते. ती पुन्हा कधी बोलेल याची मुदत आपण ठरवू नये, आणि तिने वेगळे राहायचे ठरवले तर घराची चावी, पैसे आणि मुलांच्या भेटी यांवरून अडवणूक करू नये.